दावा खुर्चीवर की साहेबावर?

टिळकवाडीतील एखादा गृहस्थ सायंकाळी काँग्रेस रोडवर फिरून घरी परतत आहे, असे समजा. वाटेत कसला तरी बंदोबस्त लागलेला आहे. कशाचा, हे त्यास ठाऊक नाही. एक फौजदार पुढे येतो, काही न विचारता त्यास गाडीत कोंबतो, रात्रभर ठाण्यात बसवून ठेवतो आणि सकाळी, भलताच माणूस आणला गेला असे म्हणून सोडून देतो. गृहस्थाचा चष्मा फुटला आहे, मनगट सुजले आहे आणि आळीत कुजबूज सुरू झाली आहे ती वेगळीच. गृहस्थ कायद्यावर श्रद्धा ठेवणारा. हातात दगड घेण्याऐवजी तो वकिलाच्या माडीचा जिना चढतो आणि दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावा लावण्याचे ठरते. वकीलसाहेब लेखणी उचलतात आणि पहिलाच प्रश्न विचारतात, "दावा कोणावर लावायचा?"

हा गृहस्थ आमच्या कल्पनेतला आहे. त्याच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न मात्र कल्पनेतला नाही. या देशात सरकारी नोकराच्या अन्यायाची दाद मागावयास निघालेल्या प्रत्येक माणसापुढे तो गेली दीडशे वर्षे उभा आहे, आणि ज्यांनी तो सोडवावयाचा त्यांनी तो जाणूनबुजून भिजत ठेवला आहे, असा आमचा स्पष्ट आरोप आहे.

प्रश्न असा की, सरकारी नोकर हा एक माणूस नसून दोन आहेत, असे कायदा मानतो. एक, आईबापांनी नाव ठेवलेला, घरी मुलेबाळे असलेला माणूस. दुसरा, सरकारने हुद्दा दिलेला अधिकारी. त्यांच्यामागे तिसरे उभे असते ते खुद्द सरकार. काठी एकच, ती उगारणारा हातही एकच. परंतु भरपाई मागावयास जावे तर हे तिघे एकमेकांकडे बोट दाखवतात. माणूस म्हणतो, मी हुद्द्याच्या नात्याने वागलो. हुद्दा म्हणतो, मी कोणीच नव्हे, सरकारला विचारा. सरकार म्हणते, त्याने केले ते आमच्या आज्ञेबाहेर केले; आणि आज्ञेत राहून केले असेल तर ते आमचे सार्वभौम कार्य, त्याचा जाब विचारणारे तुम्ही कोण? कुस्तीच्या फडात एका मल्लाविरुद्ध तिघांनी पाळीपाळीने उतरावे आणि पाठ टेकण्याची वेळ आली की प्रत्येकाने दुसऱ्याला पुढे करावे, असा हा प्रकार आहे.

यातील पहिल्या दाराविषयी आमची तक्रार नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. 'फौजदार, अमुक ठाणे' अशा नुसत्या हुद्द्यावर दावा लावला तर कोर्ट तो हुद्दा प्रतिवादींच्या यादीतून काढून टाकते. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ७९ सांगते की, सरकारविरुद्धच्या दाव्यात प्रतिवादी म्हणून राज्याचे नाव घालावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली आंध्रातील एका प्रकरणात हेच बजावले. तेथे तर जंगल खात्याचे मुख्य अधिकारी आणि कलेक्टर, म्हणजे एकाच सरकारचे दोन हात, जमिनीसाठी एकमेकांशी झुंजत दिल्लीपर्यंत गेले होते! न्यायालयाने सांगितले की, या हुद्द्यांना कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व नाही. राज्य पक्षकार नसेल तर दावा उभाच राहत नाही. हे योग्यच आहे. खुर्चीला खिसा नसतो. खुर्चीविरुद्ध हुकूमनामा झाला तर पैसे सरकारी तिजोरीतून जाणार, आणि तिजोरीच्या मालकाचे म्हणणे ऐकल्यावाचून ती उघडता कामा नये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली केंटकी राज्याच्या एका खटल्यात हाच सिद्धान्त मांडला आहे: अधिकाऱ्यावर हुद्द्याच्या नात्याने लावलेला दावा हा नावापुरता त्याच्यावर, वस्तुतः सरकारवरच असतो. तेव्हा हुद्द्यावरील दावा खुशाल काढून टाका. पण तो काढून टाकला म्हणजे त्या हुद्द्याच्या आत बसलेला माणूसही सुटला असे होते काय? आमचे भांडण या ठिकाणी सुरू होते.

माणसावर, त्याच्या नावानिशी दावा लावू गेले तर काय होते ते पाहा. प्रथम आडवे येते ते संहितेचे कलम ८०. अधिकाऱ्याने हुद्द्याच्या नात्याने केलेल्या, किंवा तसे केले असे भासणाऱ्या कोणत्याही कृत्याबद्दल दावा लावण्यापूर्वी दोन महिन्यांची नोटीस दिली पाहिजे. ऐकावयास ही अट निरुपद्रवी वाटते. ती किती निरुपद्रवी आहे, हे नाशिक जिल्ह्यातील मालेगावकरांना विचारावे. १९२१च्या एप्रिलमध्ये मालेगावास दंगल झाली. सरकारने गावावर जादा पोलीस बसविले आणि त्यांचा खर्च रहिवाशांच्या डोक्यावर लादला. काही व्यापाऱ्यांनी, ही वसुली बेकायदा असून ती थांबवावी म्हणून दावा आणला. त्यांनी नोटीस दिली होती; परंतु दोन महिने पुरे होण्याची वाट ते पाहू शकले नाहीत. वसुली समोर उभी असताना वाट पाहावी तरी कशी? त्यापूर्वी मुंबई हायकोर्ट अशा मनाईहुकमाच्या दाव्यांकडे उदार दृष्टीने पाहत असे. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि १९२७ साली निकाल लागला की, कलम ८० ला अपवाद नाही, दावा कोणत्याही स्वरूपाचा असो, दोन महिने म्हणजे दोन महिने. भागचंद दगडूसा विरुद्ध सेक्रेटरी ऑफ स्टेट या नावाने तो निकाल आजही वकिलांच्या तोंडी आहे. घराला आग लागली असता पाण्याच्या बंबाला दोन महिन्यांची नोटीस द्यावी, असा हा न्याय!

१९७६ साली संसदेने या कलमाची धार थोडी बोथट केली, हे मान्य केले पाहिजे. तातडीची दाद मागावयाची असेल तर कोर्टाच्या परवानगीने नोटिशीवाचून दावा लावता येतो आणि नोटिशीतील किरकोळ चुकीसाठी दावा काढून टाकता येत नाही. परंतु भरपाईच्या साध्या दाव्याला नोटीस लागतेच. आणि नोटिशीचा हेतू काय? सरकारला विचार करण्यास, चूक असेल तर ती सुधारण्यास अवधी मिळावा. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाला सरकारांची कानउघाडणी करावी लागली की, अशा नोटिशींना बहुधा उत्तरच दिले जात नाही. म्हणजे अवधी घ्यावयाचा तो विचारासाठी नव्हे, वेळकाढूपणासाठी.

ही झाली अखिल भारताची अडचण. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी पुढे आणखी एक अडसर घातलेला आहे. १९६३च्या राज्य पोलीस कायद्याचे, ज्याला आज कर्नाटक पोलीस कायदा म्हणतात त्याचे, कलम १७० वाचकांनी एकदा वकिलाकडून वाचून घ्यावे. पोलीस अधिकाऱ्याने आपल्या अधिकाराच्या आवरणाखाली, किंवा अधिकाराची मर्यादा ओलांडूनही, केलेल्या अन्यायाबद्दल खटला असो वा दावा असो, सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून कोर्टाने तो दाखलच करून घेऊ नये, असे हे कलम म्हणते. 'मर्यादा ओलांडूनही' हे शब्द पुन्हा वाचा. फौजदारी खटल्याला सरकारची संमती लागावी, हे एक वेळ समजू शकते. तशी तरतूद देशभर आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तर १२० दिवसांत सरकारने निर्णय न दिल्यास संमती मिळाली असे मानण्याची सोयही केली आहे. पण दिवाणी दाव्याला? फुटलेल्या चष्म्याचे आणि सुजलेल्या मनगटाचे पैसे मागावयाचे, तर ज्याच्या नोकराने चष्मा फोडला त्याच्याच दारी जाऊन, 'महाराज, आपल्या नोकरावर दावा लावू का?' असे विचारावयाचे! २०२० साली बंगळूरच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा ऊहापोह केला आणि सांगितले की, कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर कर्तव्याचा अतिरेक झाला तरी हे संरक्षण लागू राहते. ते प्रकरण फौजदारी होते हे खरे. पण कलमात 'दावा' हा शब्द खटल्याच्या मांडीला मांडी लावूनच बसला आहे.

कोणी म्हणेल, महाराष्ट्रात काय दिवे लागले आहेत? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. ज्या मुंबई राज्यात आपण १९५६च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत होतो, त्याचा १९५१चा पोलीस कायदाही दुधाने धुतलेला नव्हता. त्याच्या कलम १६१ ने अशा दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आणि वर महिन्याची नोटीस सांगितली. तरी फरक आहे. तेथे घड्याळ दाखवले जाते, येथे सरकारचा दरवाजा दाखवला जातो. घड्याळाशी माणूस शर्यत लावू शकतो. बंद दरवाजापुढे बसून राहण्याशिवाय त्याला दुसरे काही करता येत नाही.

आता तिसरे दार, खुद्द सरकारचे. येथे वाचकांना आम्ही कलकत्त्यास नेणार आहोत. कारण आपल्या राज्यघटनेच्या कलम ३०० चे मूळ तेथे एका घोड्याच्या जखमेत आहे. खिदिरपूरच्या सरकारी गोदीजवळून पेनिन्सुलर अँड ओरिएंटल या आगबोट कंपनीची घोडागाडी चालली होती. गोदीचे मजूर लोखंडाचा एक जड तुकडा रस्त्यावरून वाहून नेत होते. गाडी पाहून त्यांनी तो धाडकन टाकला. घोडे बुजले आणि एक जखमी झाला. कंपनीने ३५० रुपयांची भरपाई मागितली. १८६१ साली सर बार्न्स पीकॉक यांनी निकाल दिला की, गोदी चालविणे हा व्यापारासारखा उद्योग आहे, ईस्ट इंडिया कंपनीवर याबद्दल दावा लागला असता, तेव्हा तो तिच्या वारसदार सरकारवरही लागेल. घोड्याला न्याय मिळाला, ठीक झाले. पण जाता जाता न्यायमूर्तींनी एक रेघ ओढून ठेवली: सार्वभौम अधिकाराची कृत्ये वेगळी, त्यांबद्दल दावा नाही. ती रेघ १८५८, १९१५ व १९३५ च्या कायद्यांतील भाषेच्या आधाराने आपल्या प्रजासत्ताकाच्या घटनेत येऊन बसली. राज्यावर दावा लागेल, पण पूर्वी जितका लागत असे तितकाच, असे कलम ३०० सांगते. पूर्वी म्हणजे केव्हा? मागे मागे जात गेले तर हात लागतो तो कंपनी सरकारला!

या रेघेची खरी किंमत मीरतच्या बाजारात समजली. २० सप्टेंबर १९४७ ची रात्र. फाळणीच्या धामधुमीत अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सोनेचांदी विकावयास मीरतला आला. चोरीचा माल असावा या संशयाने पोलिसांनी त्यास बाजारात अडवून अटक केली आणि १०३ तोळ्यांवर सोने व दोन मणांवर चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला. पुढे चांदी परत मिळाली. सोने मात्र मिळाले नाही. कारण मुद्देमालाच्या कोठीवरील हेडकॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पसार झाला होता. पेढीने सोन्याच्या किमतीचा, सुमारे अकरा हजार रुपयांचा, दावा उत्तर प्रदेश सरकारवर लावला. मुद्देमाल नियमाप्रमाणे तिजोरीत ठेवण्यात पोलिसांनी हयगय केली, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. आणि तरीही १९६४ च्या सप्टेंबरात दावा फेटाळला गेला! का? तर अटक व जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामे, आणि ती करताना नोकराने हयगय केली तर सरकार जबाबदार नाही.

हा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश होते प्र. बा. गजेंद्रगडकर. साताऱ्याचे सुपुत्र, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेले, कामगारांच्या न्यायासाठी ज्यांचे नाव देशभर आदराने घेतले जाई असे न्यायमूर्ती! आम्हाला त्यांच्याविषयी आदर आहे आणि म्हणूनच हे लिहिताना लेखणी अडखळते. त्यांनाही हा निकाल गोड वाटला नव्हता. कायद्याची ही स्थिती समाधानकारक नाही आणि तिच्यावरील उपाय विधिमंडळाच्या हाती आहे, असे त्यांनी निकालपत्रातच नमूद केले. पण पेढीवाल्याच्या हाती काय पडले? चोर परदेशी, सरकार सार्वभौम आणि सोने गडप.

यातील विपर्यास पाहा. दोनच वर्षांपूर्वी, १९६२ साली, याच न्यायालयाने राजस्थान सरकारला एका विधवेला १५ हजार रुपये देण्यास लावले होते. उदयपूरच्या कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत येत असता चालकाने तिच्या पतीस चिरडले होते. म्हणजे सरकारी जीप कारखान्यातून येताना अंगावर आली तर सरकार पैसे देणार, आणि तीच जीप कोणाला अटक करावयास निघाली असता अंगावर आली तर सार्वभौम! चाकाखाली सापडणाऱ्याने जीप कोठे चालली आहे, हे आधी विचारून घ्यावे काय?

आणि ज्यांच्याकडून आपण ही रेघ उसनी घेतली त्यांनी काय केले? राजावर दावा लागत नाही, हे जुने तत्त्व इंग्लंडच्या पार्लमेंटने १९४७ च्या क्राउन प्रोसीडिंग्ज कायद्याने मोडीत काढले. त्या कायद्याला राजाची संमती मिळाली ३१ जुलै १९४७ रोजी. मीरतला सोने जप्त झाले त्याच्या दोन महिनेही आधी नव्हे, तर जेमतेम सात आठवडे. राजा असलेल्या देशाने राजाची ढाल टाकून दिली आणि राजाला निरोप देणाऱ्या देशाने ती उचलून आपल्या फौजदाराच्या हाती दिली. १९५६ साली मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात राज्याच्या जबाबदारीचा कायदा करा, असे सांगितले. १९६५ साली विधेयक आले, १९६७ साली पुन्हा आले आणि दोन्ही वेळा ते वाऱ्यावर विरले. त्यानंतर किती पक्ष आले, किती गेले. या एका गोष्टीवर सर्वांचे एकमत राहिले.

जे विधिमंडळांनी केले नाही ते न्यायालयांना तुकड्यातुकड्याने करावे लागले. १९७७ साली बसव्वा पाटील विरुद्ध म्हैसूर राज्य या प्रकरणात, पोलिसांच्या ताब्यातील चोरीचा हस्तगत माल नाहीसा झाला तेव्हा, सर्वोच्च न्यायालयाने राज्याला १० हजार रुपये देण्यास लावले. मीरतच्या पेढीवाल्याला जे मिळाले नाही ते आमच्या बाजूच्या या बाईला मिळाले, हे आम्ही समाधानाने नोंदवतो. १९८३ साली बिहारातील एका कैद्याचे प्रकरण आले. निर्दोष सुटल्यावरही तो चौदा वर्षे तुरुंगात खितपत पडला होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, नुसता सुटकेचा हुकूम ही न्यायाची थट्टा ठरेल अशा भूमिकेतून, त्यास ३५ हजार रुपये देवविले. म्हणजे एका मराठी सरन्यायाधीशाने जे दार नाइलाजाने लावून घेतले, त्याच्या शेजारी दुसऱ्या मराठी सरन्यायाधीशाने खिडकी पाडली. १९९३ साली ओरिसातील निलाबती बेहेरा या मातेला, पोलीस कोठडीत नेलेल्या मुलाच्या मृत्यूबद्दल, दीड लाख रुपये मिळाले. मूलभूत हक्क भंगला तर सार्वभौमत्वाची सबब चालणार नाही, हे तेव्हा स्पष्ट झाले. २००० साली आंध्रातील तुरुंगात बाँबहल्ल्यात मारल्या गेलेल्या कैद्याच्या मुलांचा साधा दिवाणी दावा १ लाख ४४ हजारांना मान्य झाला आणि मीरतच्या निकालात आता फारसा जीव उरलेला नाही, असे न्यायालयानेच सूचित केले.

मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. तक्रार दोन गोष्टींची आहे. खिडकीतून आत जावयाचे म्हणजे बहुधा रिट अर्ज घेऊन हायकोर्टाच्या धारवाड पीठापुढे जाणे. आणि सगळेच अन्याय प्राण व स्वातंत्र्याच्या तोलाचे नसतात. मामलेदाराने सूडाने अडवलेला उतारा, पालिकेच्या अंमलदाराने नोटिशीवाचून पाडलेली भिंत, ठाण्यात गंजून गेलेली दुचाकी, यांसाठी गरिबाने धारवाड गाठावे काय? त्याचे कोर्ट बेळगावात आहे, खानापुरात आहे, निपाणीत आहे, आणि त्या कोर्टात वर सांगितलेली तिन्ही दारे अजून तशीच करकरत आहेत.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सरकार पैसे देते तेव्हा ते कोणाचे देते? टिळकवाडीतील गृहस्थाचा चष्मा फौजदाराने फोडला आणि सरकारने भरपाई दिली, तर ती त्या गृहस्थाच्या व त्याच्या शेजाऱ्यांच्या कराच्या पैशातूनच दिली. फौजदाराच्या पगारातून एक पैही गेली नाही. १९८९ साली दिल्लीतील एका नऊ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने आईला ७५ हजार रुपये देवविताना, ही रक्कम जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यास प्रशासनाला मोकळीक ठेवली. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात १९९३ साली त्यापुढे जाऊन सांगितले गेले की, अधिकाऱ्याने खोडसाळपणे छळ केला असेल तर त्याचा भार करदात्याने का सोसावा, जबाबदार कोण ते शोधून त्याच्याकडून वसूल करा. हे शब्द प्रत्येक कचेरीत भिंतीवर लावण्यासारखे आहेत. परंतु वसुली करावयाची ती खात्याने, आपल्याच माणसाकडून. घरच्या मांजराला दुधाचा हिशेब कोण विचारतो?

म्हणून आमची मागणी आहे ती ही की, कोर्टाने हुद्द्यावरील दावा जरूर काढून टाकावा, पण त्याच हुकमात त्या माणसाला त्याच्या नावानिशी प्रतिवादी म्हणून ठेवावे, राज्याला त्याच्या शेजारी उभे करावे आणि पुराव्याअंती कोणी किती द्यावयाचे हे हुकूमनाम्यातच लिहावे. प्रामाणिक चूक असेल तर सर्व भार राज्यावर. द्वेषाने, लोभाने वा मुजोरीने केले असेल तर अधिकाऱ्याच्या खिशावर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या एका बड्या अधिकारी बाईंनी नेमका आपल्याकडील युक्तिवाद केला होता: मी नोकरांना काढले ते हुद्द्याच्या अधिकाराने, तेव्हा माझ्यावर व्यक्तिशः दावा लागू शकत नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली तो एकमताने झिडकारला. हुद्द्याच्या बळावर केलेला अन्याय हाच तर अशा दाव्याचा विषय; हुद्दा ही त्यातून सुटण्याची सबब कशी होईल? तिथेही अधिकाऱ्यांना बचावाच्या पळवाटा पुष्कळ आहेत आणि तो देश आम्ही काही न्यायाचे नंदनवन मानीत नाही. परंतु एवढा एक धागा त्यांनी सरळ ठेवला आहे.

याविरुद्ध एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो घेणारे सगळेच ढोंगी नसतात. असे केले तर कोणता अधिकारी निर्भयपणे काम करील? दंगलीत काठी उगारताना फौजदाराने आपल्या प्रॉव्हिडंट फंडाचा विचार करावयाचा काय? आमचे उत्तर असे की, सद्हेतूने केलेल्या कृत्याला संरक्षण आजही आहे, उद्याही असावे. आम्ही ते काढून घ्या म्हणत नाही. सद्हेतू होता की नाही हे कोणी ठरवावयाचे, एवढाच वाद आहे. आज ते परवानगी देणारे सरकार बंद खोलीत ठरवते. आम्ही म्हणतो, ते उघड्या कोर्टात, शपथेवर, उलटतपासणीत ठरावे. शिवाय अधिकाऱ्याचा बचाव सरकारी वकील सरकारी खर्चाने करू शकतो, तशी तरतूद संहितेच्या सत्ताविसाव्या आदेशात आहे. वादी मात्र बायकोचे डोरले गहाण टाकून वकील देतो. दोघांतील अधिक भीती कोणाला असावी, हे वाचकांनीच सांगावे. डॉक्टराला निष्काळजीपणाबद्दल भरपाई द्यावी लागते म्हणून डॉक्टरांनी सुऱ्या खाली ठेवल्या नाहीत.

हा प्रश्न आमच्या सीमाभागात केवळ वकिलांच्या चर्चेचा नाही, हे सांगावयास नकोच. १९८६ च्या जूनमधील कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातील गोळीबार लोक विसरलेले नाहीत. हिंडलग्याचे स्मारक उभे आहे. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरच्या फलकाच्या प्रकरणी पोलीस घराघरांत शिरले, बायकामुलांनाही मारले, अशा तक्रारी झाल्या. आणि कोर्टाची पायरी चढावी लागली ती आरोपी म्हणून गावकऱ्यांनाच. त्यांच्यातील एखाद्याने उलट दिवाणी दावा लावावयाचे मनात आणले असते तर कलम १७० च्या परवानगीसाठी त्याला अर्ज कोणाकडे करावा लागला असता? ज्याच्या पोलिसांनी दार फोडले त्याच सरकारकडे! परंतु कोणी याला भाषेचे भांडण समजू नये. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात ज्यांच्या छातीवर गोळ्या बसल्या, त्या झाडणारे सरकार म्हैसूरचे नव्हते. ते मुंबईचे होते. गोळी कोणत्या राजधानीच्या हुकमाने सुटली यावरून तिची जखम लहानमोठी होत नाही आणि भरपाईचा हक्कही नव्हे. गोकाकच्या कन्नड शेतकऱ्याच्या दाव्याला हेच कलम आडवे येते आणि कोल्हापूरच्या मराठी शेतकऱ्याला सहा महिन्यांची मुदत. महाराष्ट्राच्या विधानसभेनेही राज्याच्या जबाबदारीचा कायदा केलेला नाही, हे आम्ही मुंबईकडे तोंड करूनही तितक्याच मोठ्याने सांगतो.

कायदा होईपर्यंत दाद मागणाऱ्याने काय करावे? दावा लावताना केवळ हुद्दा लिहू नये. 'कर्नाटक राज्य' हा पहिला प्रतिवादी असावा आणि अधिकाऱ्याचे नाव, त्याचा हुद्दा केवळ ओळखीपुरता जोडून, दुसरा प्रतिवादी म्हणून घालावे. हुद्द्याच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल भरपाई मागितली असेल तर राज्याला पक्षकार करावे, असे १९७६ पासून संहितेतच आहे. तेव्हा राज्य वगळून दावा लंगडा ठेवू नये. नोटीस राज्याला व अधिकाऱ्याला वेगवेगळी, पोचपावतीसह द्यावी. कायद्याच्या अंमलाखाली केल्या म्हणवणाऱ्या कृत्याबद्दलच्या भरपाईला मुदत कायद्याने एकच वर्ष दिले आहे. नोटिशीचा काळ त्यातून वजा होतो, पण त्यावर विसंबून झोपू नये. पोलिसांविरुद्ध असेल तर कलम १७० खालचा परवानगीचा अर्ज त्याच दिवशी धाडावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. नाकारला तर नकाराला आव्हान देता येते, आणि उत्तरच आले नाही तर ते मौनही कोर्टापुढे मांडता येते. डॉक्टराचा दाखला त्याच दिवशी घ्यावा. मार दाखला वाट पाहत थांबत नाही, चार दिवसांत तो अंगावरून पुसला जातो.

आणि विधिमंडळाविषयी. पोलीस हा विषय राज्याच्या यादीत आहे; कलम १७० मधील 'दावा' हा एक शब्द गाळावयास दिल्लीची गरज नाही. दिवाणी अन्यायाचा विषय समवर्ती यादीत आठव्या क्रमांकावर आहे. तेव्हा राज्याच्या जबाबदारीचा कायदाही बंगळूरला किंवा मुंबईला करता येतो. कर्नाटकाचे हिवाळी अधिवेशन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरते आणि त्या दिवसांत गावाच्या रस्त्यांवर जितके पोलीस दिसतात तितके एरवी वर्षभरात दिसत नाहीत. बेळगाव जिल्ह्याचे अठरा आमदार त्या सभागृहात बसतात, कोणत्याही पक्षाचे असोत, कोणत्याही भाषेचे असोत. त्यांपैकी एकाने तरी पुढच्या अधिवेशनात एका ओळीचे खाजगी विधेयक मांडावे, आणि उरलेल्या सतरांनी आपण त्याच्या बाजूने की विरुद्ध, हे हात वर करून सांगावे. कोणाचा हात वर गेला आणि कोणाचा नाही, ते आम्ही नावानिशी छापू.